चाळीस भोकं

अण्णांचा छापील अक्षरावर फार विश्वास होता. बसच्या तिकिटामागचा मजकूरसुद्धा ते चष्मा कपाळावर चढवून वाचत आणि तिकीट घडी करून खिशात ठेवत, पुढे कुणी विचारलं तर असावं म्हणून. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत, तेही कन्नडमधून, आणि पुढचं सगळं पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून काम करता करता झालेलं. मग तिथेच मागच्या गल्लीत त्यांनी स्वतःची पत्र्याची शेड घातली. आमचं घर बनशंकरीला आणि शेड पीण्याला, म्हणजे शहराची दोन टोकं. सकाळी आईच्या ग्राइंडरचा घरघराट थांबला की अण्णांच्या चपला वाजत, आणि संध्याकाळी ते परत आले की आधी त्यांच्या शर्टाचा जळक्या लोखंडाचा वास घरात येई, मागून ते. तो वास मला इतका सवयीचा होता की दुसऱ्या मुलींच्या वडिलांना वास येत नाही याचंच मला नवल वाटे.

घरात आम्ही मराठी बोलायचो. पण कसलं मराठी, तर पुण्याच्या माणसाने ऐकलं तर त्याला वाटावं, आपल्या आमटीत कुणी सांबार ओतलं. आमचे पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि परत जायचं विसरले, एवढीच माहिती घरात शिल्लक होती. आई ‘थोडं’च्या जागी ‘स्वल्प’ म्हणे, ‘बरं’ म्हणायचं तिथे ‘सरी’, आणि मी विनाकारण बसलेली दिसले की ‘सुम्ने काय बसलीस’ म्हणून ओरडे. मला अण्णा पुट्टी म्हणत, म्हणजे छोटी; मी त्यांच्या खांद्याला लागले तरी पुट्टीच. शाळा कन्नडमधून झाली आणि पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेतल्यावर एकदम सगळं इंग्रजी झालं. ती दोन वर्षं मी सतत गोंधळलेली असे. मास्तरांचं इंग्रजी माझ्या डोक्यात आधी कन्नड होई, मग मराठी, आणि तोवर फळा पुसलेला असे. त्यावर मी एक उपाय काढला होता. समजलं नाही की पाठ करायचं, आणि पाठ झालं की समजलं असं धरून चालायचं. आज पन्नाशी उलटल्यावर सांगते, हा उपाय वाईट होता असं नाही. तो परीक्षेत चालला, फक्त लोखंडावर चालला नाही.

अण्णांच्या शेडमध्ये तोवर गेटं, खिडक्यांची ग्रिल्स आणि पाण्याच्या टाक्या होत. जयनगरमधल्या कितीतरी बंगल्यांना त्यांची गेटं होती आणि बसमधून जाताना ते मला बोटाने दाखवत. पण त्यांना गेटांचा कंटाळा आला होता. ‘गेट म्हणजे काय,’ ते म्हणत, ‘उघडतं आणि लागतं. त्याच्यात डोकं काय घालायचं?’ आणि मग एका जुन्या ओळखीतून त्यांना पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं. कुठल्याशा रिफायनरीसाठी तेल गाळायचा एक उंच खांब उभा राहणार होता आणि त्याच्या पोटात बसवायच्या ट्रेंपैकी दहा अण्णांनी करून द्यायचे होते. हे दहा ट्रे तपासणीत पास झाले तर पुढच्या खांबांचे ट्रेही आमच्याच शेडमध्ये होणार. नापास झाले तर परत गेटं. अण्णा हे वाक्य दिवसातून दोनदा तरी बोलत, आणि आई दोन्ही वेळा ‘सरी’ म्हणे.

एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, त्यांनी ते ड्रॉइंग घरी आणून फरशीवर पसरलं. चार कोपऱ्यांवर तांब्या, लोणच्याची बरणी, माझी कंपासपेटी आणि आईचा अडकित्ता ठेवला. निळसर कागदावर एक मोठं वर्तुळ, त्यात आखडत्या-वाढत्या ओळींनी नळकांडी, प्रत्येक नळकांड्यावर एक उपडी वाटी, आणि वाट्यांच्या काठाला खाचा. शेडमधल्या माणसांनी त्याला तेवढ्यात नावही दिलं होतं, इडली तट्टे, म्हणजे इडलीचं ताट. अण्णा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. ‘पुट्टी,’ ते म्हणाले, ‘मी हे करीन. मिलिमीटर चुकणार नाही. पण हे करतं काय? तुझ्या पुस्तकात आहे म्हणालीस अल्ला, हो ना?’

होतं. रसायनशास्त्राच्या पुस्तकात पाऊण पान. एक उभा खांब, त्यात आडव्या रेघा, बाजूला बाण, आणि प्रत्येक बाणापाशी एक नाव. मला ते घडाघडा पाठ होतं. मी पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि अण्णांना शिकवायला बसले. जमिनीतून निघतं ते कच्चं तेल म्हणजे काळी खिचडी, मी म्हटलं. त्यात सगळं एकत्र असतं. ते भट्टीत साडेतीनशे डिग्रीच्या वर तापवायचं आणि खांबाच्या बुडाशी सोडायचं. बरंचसं वाफ होऊन वर निघतं. खांब खाली गरम आणि वर गार असतो. जड वाफ लवकर थंड होते, ती खालीच पाणी होऊन ट्रेवर बसते, ते डिझेल. त्याच्या वर रॉकेल. त्याच्या वर पेट्रोल. आणि जे अजिबात थंड होत नाही ते शेंड्यावरून निघून जातं, तो गॅस. वाफ न झालेलं बुडाशी राहतं, त्यातून डांबर.

अण्णांनी तोंडात घातलेली सुपारी चावायची थांबवली. त्यांनी स्वयंपाकघरातल्या सिलिंडरकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या असलेल्या शेजाऱ्यांच्या स्कूटरकडे, मग मोरीतल्या रॉकेलच्या डब्याकडे. मागच्या पावसाळ्यात गच्चीच्या भेगेत त्यांनीच डांबर भरलं होतं. ‘हे सगळं एकाच काळ्या पाण्यातून?’ ते म्हणाले. ‘आणि मधे फक्त माझी ताटं?’ मी मोठ्या माणसासारखी मान हलवली. त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मी त्याआधी फक्त गणपतीच्या आरतीला पाहिला होता. त्यांना नीट कळावं म्हणून मी बसचं उदाहरण दिलं. सगळी वाफ एकाच बसमध्ये चढते, डिझेल पहिल्या स्टॉपला उतरतं, रॉकेल मधल्या मॅजेस्टिकला, पेट्रोल शेवटच्या स्टॉपला. अण्णा रोज ती बस करत, त्यामुळे त्यांनी लगेच विचारलं, ‘आणि कोणी झोपून राहिलं, पुढच्या स्टॉपला उतरलं तर?’

खरं तर तिथेच माझं पाठांतर संपलं होतं. वाफेला आपला स्टॉप कळतो कसा, हे मलाही कधी कळलं नव्हतं. रॉकेल उकळतंय त्याच आचेवर पेट्रोलही उकळतंय, मग ती गर्दी सुटी होते कशी? पण अण्णा माझ्याकडे असे पाहत होते की ‘मला ठाऊक नाही’ असं मला म्हणवेना. ‘कोणी झोपत नाही अण्णा,’ मी म्हटलं. ‘प्रत्येकाला आपला स्टॉप ठाऊक असतो.’ आई भांडी पुसत होती. ती तिथूनच म्हणाली, ‘माझ्या इडलीपात्रात पाच ताटं आहेत. वरच्या ताटात इडली, खालच्या ताटातही इडलीच. तुमच्या खांबात वेगळं वेगळं कसं होतं गं?’ मी म्हटलं, ‘आई, तुला नाही कळायचं.’ अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. मी तर पाव हळकुंडातच न्हाऊन निघाले होते.

मग अण्णांचं बोट ड्रॉइंगवर फिरता फिरता एका जागी थांबलं. प्रत्येक ट्रेच्या काठापाशी चार बारीक गोल काढले होते. पेन्सिल जाईल एवढी भोकं. त्यांच्यावर ना नळकांडं, ना वाटी. ‘ही कशाला?’ त्यांनी विचारलं. मी पुस्तकातलं चित्र पाहिलं. पुस्तकात भोकं नव्हती; नुसत्या सरळ रेघा होत्या. मी विचार केला, आणि अजूनही मला वाटतं की तो विचार अगदीच मूर्ख नव्हता. ट्रेवर पेट्रोल साचतं, खालच्या ट्रेवर रॉकेल. वरच्या ट्रेला भोक पडलं तर पेट्रोल रॉकेलमध्ये गळणार. एवढ्या खटपटीने वेगळं केलेलं परत एक होणार. मग खांब कशाला बांधायचा? ‘ही चूक आहे अण्णा,’ मी म्हटलं. ‘गळेल सगळं.’

आता अण्णा हे असे, की त्यांनी वीस वर्षांत एका ड्रॉइंगला उलट उत्तर दिलं नव्हतं. पण पुस्तक छापील होतं आणि ड्रॉइंग हाताने काढलेलं होतं, आणि पुस्तक वाचणारी त्यांची मुलगी होती. मग त्यांनी मला लाल पेन्सिल दिली आणि इंग्रजीत लिहायला सांगितलं. मी त्या चार गोलांपाशी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं की या भोकांची गरज नाही. ‘सही कर,’ अण्णा म्हणाले. त्यांच्या शेडमध्ये तो नियम होता. ड्रॉइंगला ज्याचा हात लागेल त्याची सही लागायची, मग तो वेल्डर असो की मालक. मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटलं, ‘मी काय सही करू अण्णा, मी तर कॉलेजातली.’ ते हसले आणि त्यांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली. सही राहिली. मी का केली नाही, हे तेव्हा मला लाजणं वाटलं होतं. आता वाटतं, माझ्याच पोटात कुठेतरी खात्री नव्हती.

पुढचा दीड महिना घरात नुसती ताटंच ताटं. अण्णा जेवताना वाटी उपडी घालून मला वाफ कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते ते दाखवत. वाफ नळकांड्यातून वर येते, वाटीला आपटते, वळून खाली येते आणि खाचांमधून तेलात बुडबुडे काढत निघते. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं, कारण त्यांनी ते हाताने केलं होतं. शेडमधल्या नंजप्पाला, म्हणजे अण्णांच्या सगळ्यात जुन्या वेल्डरला, त्यांनी सांगितलं होतं की पुण्याच्या इंजिनिअरांची चूक आमच्या पुट्टीने काढली. तपासणीला साहेब आले की त्यांना ते स्वतः दाखवणार होते. मला त्याची धास्तीही वाटे आणि गुदगुल्याही होत.

नवरात्र आलं. आमच्याकडे सप्तमीला पुस्तकं पूजेत ठेवतात आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी एक पान उलटायचं नाही, कितीही परीक्षा असली तरी. मी रसायनशास्त्राचं पुस्तक सगळ्यात वर ठेवलं आणि तीन दिवस सुटले म्हणून खूश झाले. नवमीला आयुधपूजा. त्या दिवशी शेडमधली सगळी यंत्रं धुऊनपुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून बसवायची, आणि दसरा उजाडेपर्यंत एकही यंत्र चालवायचं नाही. नंजप्पा तर त्या दिवशी पानाही हातात घेत नसे. सगळ्या कामगारांना आईच्या हातच्या इडल्या आणि कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे-डाळं, मिळत असत.

अष्टमीच्या संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाच्या इडल्यांसाठी ताटं घासत होते. एका ताटाची बारीक भोकं जुन्या पिठाने बुजली होती. मी ते तसंच पालथं घातलं. आईने ते उचललं, सुलटं केलं, नळाखाली धरलं आणि माझ्यापुढे केलं. वाट्यांमध्ये पाणी तसंच उभं. ‘भोकं साफ कर गं,’ ती म्हणाली. ‘झाकणावरचं पाणी वरून गळतं ते जाणार कुठे? आणि धुतल्यावर निथळायला नको? असंच साठून राहिलं तर ताट सडतं.’ आणि ती कोथिंबीर निवडायला गेली.

मी काथ्या हातात धरून तशीच बसले. निथळायला नको? ती चार भोकं निथळण्यासाठी असतील तर? पण मग पेट्रोल गळणार त्याचं काय? की थोडं गळलं तरी चालतं? की पुस्तकात त्या रेघांना भोकं होती आणि मीच पाहिली नव्हती? मी देवघरापुढे जाऊन उभी राहिले. पुस्तक समोर होतं, हातभर अंतरावर, झेंडूच्या फुलांखाली, आणि मला ते उघडता येत नव्हतं. मला खात्री होती की उघडलं तर नापास होईन, आणि खात्री होती की नाही उघडलं तर अण्णांचं काहीतरी वाईट होईल. बाहेर अण्णा आल्याचा आवाज झाला. ‘पुट्टी, उद्या ते तुझं पुस्तक मी शेडमध्ये नेणार,’ ते म्हणाले. ‘मशीनशेजारी पूजेला बसवू. त्याच्यामुळे काम अचूक झालं.’ आई कुरकुरली, की बसलेली सरस्वती अशी उठवून बसमधून नेतात का. मी जाऊन ताटाची भोकं काथ्याने घासू लागले. सांगायला तेव्हा पूर्ण संध्याकाळ होती.

तपासणीचे साठेसाहेब नवमीलाच आले, आम्ही सगळे शेडमध्ये पूजेला जमलो असताना. ते पुण्याचे, पन्नाशीचे, बारीक चणीचे; त्यांना ठाऊक नव्हतं की इथे यंत्रांची पूजा दसऱ्याच्या आदल्या दिवशी असते. ‘आमच्याकडे दसऱ्याला करतात, म्हणून मी मुद्दाम आजचा दिवस धरला होता,’ ते दारात फोडलेल्या कोहळ्याला वळसा घालत म्हणाले. आईने त्यांना कडलेपुरी दिली, अण्णांनी खुर्ची पुसली. आमचं मराठी ऐकून त्यांनी एकदा भुवया उंचावल्या, पण हसले नाहीत. मग त्यांनी कोट काढला, खिशातून पट्टी काढली आणि गुडघ्यांवर बसून एकेक ट्रे मोजायला लागले. तासभर मोजणं चाललं. शेवटी उठून म्हणाले, ‘व्यंकटराव, इतकं स्वच्छ काम मी मुंबईतसुद्धा पाहिलेलं नाही.’ अण्णा खाली बघू लागले. आणि ते म्हणाले, ‘फक्त ती चार भोकं राहिली की हो.’

अण्णांनी मोठ्या उत्साहाने ड्रॉइंग उलगडलं आणि माझं लाल अक्षर दाखवलं. ‘ती चूक होती साहेब. गळून सगळं एक झालं असतं.’ साठेसाहेबांनी ते वाचलं. त्यांचा चेहरा बदलला. ‘हे कोणी लिहिलं?’ ते म्हणाले. ‘सही नाही याच्याखाली.’

शेडमध्ये उदबत्तीचा धूर होता आणि मागे कोणाच्या तरी दाताखाली चुरमुरे वाजत होते. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण अण्णांनी आधीच खिशातलं पेन काढलं होतं. ‘मीच,’ ते म्हणाले. ‘सही राहून गेली.’ आणि माझ्या वळणदार ओळीखाली त्यांनी आपली जाड, तुटक सही केली. साठेसाहेबांनी एकदा अक्षर पाहिलं, एकदा सही पाहिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण माझं, आणि हात अण्णांनी पुढे केला होता.

‘गळणार नाही असं नाही,’ साठेसाहेब म्हणाले. आता ते रागावलेले नव्हते, समजावत होते, आणि मला वाटतं मलाच समजावत होते. ‘चार थेंब गळतात. गळू देत. तुम्हाला वाटतं ट्रेवर आलेलं पेट्रोल म्हणजे शुद्ध पेट्रोल? छे. प्रत्येक ट्रेवर भेसळच असते. तांदूळ एकदा पाखडून स्वच्छ होतो का? हलकं वर उडतं, जड खाली पडतं, त्यात थोडं चुकीचं वर जातं, थोडं चुकीचं खाली येतं. चुकीचं वर गेलेलं पुढच्या ताटावरून परत खाली ओतलं जातं, खाली अडकलेलं गरम वाफ परत वर उचलते. एकेक ताट म्हणजे एकेक पाखडणं. तीसचाळीस वेळा पाखडल्यावर कुठे वेगळं होतं.’ म्हणजे अण्णांनी बरोबर विचारलं होतं. लोक चुकीच्या स्टॉपला उतरतात, आणि त्यांना परत पाठवण्यासाठीच तो खांब असतो.

‘मग भोकं कशाला?’ अण्णांनी विचारलं.

‘खांब बंद केला की प्रत्येक ताटात बोटभर तेल साचून राहतं. या भोकांतून ते निथळून जातं. नाही निथळलं तर आत त्याची वाफ धरते. आणि दुरुस्तीला आत माणूस जातो, व्यंकटराव. दिवा घेऊन, सरपटत, ताटावरून ताटावर. एक ठिणगी पुरते.’

अण्णांनी त्या ट्रेकडे पाहिलं. दीड महिना ते वाफेबद्दल बोलत होते, तेलाबद्दल बोलत होते. त्या खांबात माणूस त्यांना कधी दिसलाच नव्हता. ‘आत माणूस जातो?’ त्यांनी परत विचारलं. ‘हे मला कोणी सांगितलं नाही.’ साठेसाहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांची संध्याकाळची गाडी होती. दहा ट्रे, चाळीस भोकं. आज पाडली तर ते सही करून जातील, नाही तर कागदावर नापास लिहावं लागेल, त्यांचाही इलाज नव्हता. ड्रिल मशीन समोरच उभं होतं, कुंकू लावून, माळ घालून, आणि त्याच्या पायाशी माझं पुस्तक.

अण्णा मशीनकडे गेले. ‘बेडा अण्णा,’ नंजप्पा मागून म्हणाला, ‘इवत्तु बेडा.’ आज नको. बाकीचेही पुढे सरकेनात. अण्णांचा हात माळेपर्यंत जाऊन थांबला. ते देवभोळे होते, आणि मला कळेना की त्यांनी माळ काढावी अशी प्रार्थना करू की काढू नये अशी. तेवढ्यात आई उठली. तिने हात धुतले, पूजेतल्या अक्षता उचलल्या, मशीनवर टाकल्या, माझ्या पुस्तकावर टाकल्या आणि कलश बोटभर उत्तरेला सरकवला. ‘झाली पूजा,’ ती म्हणाली. ‘देवीला मी निरोप दिला. उद्या परत बोलवू. आत माणूस जाणार म्हणतात, तिला काय कळत नाही का?’ आणि नंजप्पाकडे वळून तिने तेच कन्नडमध्ये, जरा चढ्या आवाजात सांगितलं. नंजप्पाने मशीनला नमस्कार केला आणि पहिला ट्रे उचलला.

भोकं अण्णांनी स्वतः पाडली. मला त्यांनी तेलाची बुधली दिली. ड्रिलच्या टोकावर थेंब थेंब तेल सोडायचं काम. लोखंडाचा कुरळा चकचकीत कीस वर येई आणि धूर निघे. तिसऱ्या की चौथ्या भोकाला मी म्हटलं, ‘अण्णा, ते मला काल...’ ‘तेल सोड,’ ते म्हणाले. ‘टोक जळेल.’ मी तेल सोडत राहिले आणि रडत राहिले, आणि मशीनच्या आवाजात कोणाला काही ऐकू आलं नाही. चाळिसावं भोक झाल्यावर साठेसाहेबांनी प्रत्येकातून आपली पेन्सिल घालून पाहिली, कागदावर सही केली आणि इडल्या बांधून घेऊन गाडीला गेले. पुढची अनेक वर्षं अण्णांनी ट्रेच केले. गेट पुन्हा कधी केलं नाही.

घरी परतताना बसमध्ये ते त्या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत. मी वाट पाहत होते. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मला सर्वांपुढे वाचवलं, की माझं नाव घेण्याइतकीही माझी किंमत त्यांच्या लेखी उरली नव्हती? मॅजेस्टिकला बस बदलताना त्यांनी नेहमीसारखं माझं तिकीट काढलं, मागचं वाचलं आणि खिशात ठेवलं. त्यावरून काय समजायचं?

दसऱ्याच्या सकाळी आमच्याकडे रिवाज असा, की पूजेतून पुस्तक उचलायचं आणि देवापुढे एक ओळ मोठ्याने वाचायची. शेडमधून परत आणून देवघरात ठेवलेलं ते कुंकू लागलेलं पुस्तक मी उचललं तेव्हा अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. ‘ते पान काढ,’ ते म्हणाले. मी काढलं. उभा खांब, आडव्या रेघा, बाण. त्यांनी कानावरची लाल पेन्सिल घेतली आणि प्रत्येक रेघेवर अगदी सावकाश दोन दोन ठिपके दिले. छापील पुस्तकावर अण्णांनी रेघ ओढलेली मी तोवर पाहिली नव्हती. मग त्यांनी कडेला, त्यांना येत होत्या त्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं की भोकं पाहिजेत. आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

‘सही कर.’

‘पण लिहिलंत तुम्ही, अण्णा.’

‘तू लिहिलंस त्याच्याखाली मी केली की नाही? आता ह्याच्याखाली तू कर.’

ती शिक्षा होती की काय होतं, मला नक्की सांगता येणार नाही. मी अजूनही ते पुस्तक कधी काढून बसते आणि मला कळत नाही. परीक्षेच्या फॉर्मवर मी, इथल्या पद्धतीने, वडिलांचं नुसतं एक अक्षर लावून भागवत असे. त्या सकाळी मला पूर्ण नाव लिहावंसं वाटलं. आमच्यात मुलीच्या नावापुढे बापाचं नाव येतं, ते लिहिल्याशिवाय सही पुरी होत नाही. वत्सला व्यंकटराव. जागा पुरेना म्हणून त्यांचं नाव वळून समासात गेलं. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, पुस्तक डोळ्यांजवळ नेलं आणि माझं ते वाकडंतिकडं अक्षर, छापलेलं असावं तसं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.